भुंगा : बाबांच्या ब्रशाच्या नोंदी

१ सप्टेंबर २०२४, रविवार

दुकानाची वही उलटी करून शेवटच्या पानापासून लिहायला घेतली. पुढून मोटरींचा हिशेब चालू आहे: कोणाची मोटर, किती एचपी, किती किलो तार, किती बाकी. मागून हे.

ताई पोळ्याला पुण्याहून आली. पिशवीतून एक इलेक्ट्रिक टूथब्रश काढून माझ्या हातात ठेवला, बंद पडलेला. "फेकणारच होते, मग म्हटलं भंगारात जाण्यापेक्षा तुझ्याकडे जाऊ दे." तीन वर्षं चालला म्हणे. मग चार्जिंग दोन दिवस पुरायला लागलं, मग दोन मिनिटं, मग नुसताच हिरवा दिवा. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या पांढरकवड्याच्या आजूबाजूच्या गावांतून हा प्रकार माझ्याकडे अजून कोणी दुरुस्तीला आणलेला नाही. काउंटरखाली टाकला.

संध्याकाळी घरी आलो तर बाबा ओसरीत दात घासत बसले होते. जूनमध्ये लकवा झाला तेव्हापासून उजवा हात खांद्यापर्यंत येतो, पण बोटं काही धरत नाहीत. डाव्या हाताला अडुसष्ट वर्षांत या कामाची सवय नाही. त्यामुळे ब्रश एका जागी आणि मान इकडून तिकडे. पाणी सदऱ्यावर. आईनं पाहिलं आणि तांदूळ निवडायला आत गेली. तांदूळ दुपारीच निवडून झाले होते.

रात्री परत दुकान उघडलं आणि ब्रश काउंटरखालून काढला.

२ सप्टेंबर, पोळा

पाऊस थांबेना. बैल झुलींसकट भिजले, शिंगांचं बेगड सुटलं. पोळा फुटायच्या आतच निम्मे लोक घरी. दुकान बंद.

४ सप्टेंबर

बूड दाबून फिरवलं तर अख्खा सांगाडा सरकन बाहेर आला. आत मोटर शोधली. मोटर नाही! सतरा वर्षं मोटरी बांधतोय, त्यामुळे जरा अपमानच वाटला. आहे ते असं: डोक्याकडे जाणारी पोलादी दांडी, दांडीच्या बुडाला लोहचुंबक, त्याच्यासमोर गुंडाळी. गुंडाळीतला करंट उलटसुलट झाला की दांडी जागच्या जागी थरथरते. गरगर फिरणारं काही नाही, कार्बन नाही, म्हणजे झिजायलाही फारसं नाही. या जातीला सॉनिक म्हणतात. दुसरी जात गोल डोक्याची. तिच्यात खरी मोटर असते आणि डोकं थोडं इकडे, तेवढंच तिकडे असं झटपट फिरतं. ती हाती लागली असती तर मला जास्त आवडलं असतं.

चार्जरच्या स्टँडला धातूचं टोक कुठेच नाही. एक प्लास्टिकची खुंटी आहे, ती ब्रशाच्या बुडातल्या खळग्यात जाते. खुंटीत एक गुंडाळी, खळग्याभोवती दुसरी. म्हणजे ट्रान्सफॉर्मरच, फक्त दोन तुकड्यांत कापलेला: प्रायमरी भिंतीकडे, सेकंडरी ब्रशात, मधे प्लास्टिक. ओल्या हातानं धरायची वस्तू, म्हणून उघडं तांबं ठेवलेलंच नाही. ज्यानं हे काढलं त्याला मानलं.

बिघाड सेलमध्येच. लिथियमचा, १४५०० मापाचा, म्हणजे १४ मिलिमीटर जाड, ५० लांब. दिसायला पेन्सिल सेल, पण ३.७ व्होल्टचा. साधा पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, तो इथे चालणार नाही. मीटरवर १.९ दाखवतो. रात्रभर स्टँडवर ठेवला तरी २ च्या वर चढेना. मेला.

नागपूरहून सेल मागवला, पट्ट्या लावलेला. लिथियमच्या सेलवर थेट कैय्या (डाग द्यायची गरम सळई) टेकवू नये, उष्णतेनं आतून खराब होतो. पट्टीवर डाग द्यायचा.

१० सप्टेंबर

सेल बसवला. बटण दाबलं, गुणगुणला. दुकानातला पोऱ्या म्हणाला, "भाऊ, याच्यात मधमाशी हाय काय?"

आता पाण्याचं काय? अशा ब्रशांवर आयपीएक्स ७ लिहिलेलं असतं. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी आत पाणी जायला नको. पण ते कंपनीनं बंद केलेल्या ब्रशाला लागू. मी उघडलेल्या ब्रशाची हमी मीच. सायकलच्या ट्यूबचा पंक्चर पाहतात तसा बादलीत बुडवून धरला. बुडाच्या टोपीपाशी बारीक बुडबुड्यांची माळ. रबरी रिंग उलटी बसवली होती, चूक माझी. रिंग काढली, पुसली, सिलिकॉनचं ग्रीस लावून परत बसवली. दुसऱ्या खेपेला बुडबुडा नाही. तरीही आंघोळीच्या बादलीत हा पडता कामा नये, असं घरी सांगून ठेवायचं.

११ सप्टेंबर

कामाचं काही नाही, पण लिहितो. उरलेल्या बारीक तारेचे चाळीसेक वेढे खुंटीला बसतील असे गुंडाळले, दोन टोकांना एलईडी जोडला आणि खुंटीवर ठेवला. वायर न जोडता दिवा लागला. शाळा सुटलेली, बारा-पंधरा पोरं दुकानात. एक जण हवेत दिवा पेटवायला निघाला. उचलला की मंद, टेकवला की लख्ख. सहावीतल्या माझ्या पोरीनं दुसऱ्या दिवशी शाळेत नेला.

१३ सप्टेंबर

सुरू करण्याआधी मोजमाप करावं म्हटलं. दुरुस्त मोटर मीटर न लावता मी कोणाला देत नाही.

दातांवरचा चिकट थर डोळ्यांना दिसत नाही. डॉक्टरांकडे तो दाखवायच्या गोळ्या मिळतात, त्यांत बहुतेकदा एरिथ्रोसिन नावाचा लाल रंग असतो. तोच मिठाईतही घालतात. तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून दोन-चार गोळ्या आणल्या. बाबांना चावायला सांगणं शक्य नाही, पाणी गिळतानाही त्यांना ठसका लागतो. गोळी थेंबभर पाण्यात विरघळवली आणि काडीला घरचाच कापूस गुंडाळून दातांना लावली.

बाबांचे दात २४. साध्या ब्रशानं घासून झाल्यावर १९ दात हिरडीलगत गुलाबी. उजवीकडचे तर पूर्ण. माझे २८ पैकी ६. मला वाटलं होतं एकही नसेल.

उजव्या गालात जेवणाचा अर्धा घास सापडला. सकाळच्या भाकरीचा. बाबांना कळलंच नव्हतं. लकव्यात त्या बाजूची जाणीव कमी होते, गाल नीट दाबला जात नाही, घास गाल आणि दात यांच्यामधे राहून जातो. बाईंनी सांगितलं होतं, अशा माणसाचं तोंड अस्वच्छ राहिलं तर तिथले जंतू थुंकीबरोबर छातीत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. तेव्हा हा प्रकल्प दात चमकवायचा नाही. गाल रिकामा ठेवायचा आहे.

१४ सप्टेंबर

नवं डोकं लावलं. पहिला दिवस.

"हे काय आनलं बे?"

"ब्रश आहे बाबा. हलवायचा नाही. नुसता दातावर टेकवायचा."

"मंग घासते कोन?"

"थेच घासते."

माझी चूक पुन्हा. पेस्ट लावून बटण दाबलं आणि मग त्यांच्या हातात दिला. पेस्ट भिंतीवर, आईच्या लुगड्यावर, ओसरीतल्या कुत्र्यावर. कुत्रं अजून ओसरीत आलेलं नाही. नियम: तोंडात घातल्यावर बटण, तोंडातून काढायच्या आधी बंद.

बाबा दचकले. ओठांना, नाकाच्या शेंड्याला गुदगुल्या होतात. मी स्वतः करून पाहिलं तर पहिल्यांदा शिंक आली. दहा सेकंदांत बाबांनी काढून टाकला. "तोंडात भुंगा घुसला गा."

ब्रशाचं नाव तेव्हापासून भुंगा.

१५ सप्टेंबर

वीस सेकंद.

१६ सप्टेंबर

चाळीस. आज स्वतः मागून घेतला.

१७ सप्टेंबर

पकड. भुंग्याचा दांडा गुळगुळीत, पेस्ट लागली की साबणासारखा. डाव्या हाताची पकड चांगली आहे, पण बाबा घाबरून इतका घट्ट धरतात की मनगट दुखतं. जाड दांडा असला की कमी जोर लावून धरता येतो. कुदळीला चिंधी गुंडाळतात त्याच कारणानं.

एसीच्या तांब्याच्या पाइपावर काळा फोमचा नळा असतो, त्याचा वीतभर तुकडा चढवला. बटण आत गेलं. ब्लेडनं खिडकी कापली. खिडकीतून बाबांचं बोट बटण शोधेना, म्हणून बटणावर फेव्हिक्विकनं साबुदाण्याचा दाणा चिकटवला. हसू नका, जमलं. (दोन आठवड्यांनी दाणा पडला. तोवर बोटाला जागा पाठ झाली होती.)

सायकलच्या ट्यूबचा पट्टाही करून पाहिला होता. रबराचा वास तोंडात जातो म्हणून काढला.

२० सप्टेंबर

थुंकीत रक्त. आई घाबरली, भुंगा बंद करा म्हणाली. लकव्यानंतर बाबांना रक्त पातळ राहायची गोळी चालू आहे, त्यामुळे मीही जरा चपापलो. बाबांना गाडीवर मागे बसवून बाईंकडे नेलं.

त्यांचं म्हणणं: हिरड्या आधीपासूनच सुजलेल्या आहेत, थर साचल्यानं. घासणं सोडलं तर रक्त आणखी येईल. हलक्या हातानं, रोज, हिरडी आणि दात जिथे भेटतात त्या रेघेवर तिरका धरायचा. दोन आठवड्यांत कमी व्हायला हवं, नाही झालं तर परत या. गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, हे दोनदा सांगितलं. माझ्याकडे बघून सांगितलं.

आणि पेस्ट कमी. जाहिरातीत ब्रशभर पेस्टीची नागमोडी रेघ दाखवतात, तिची गरज नाही. वाटाण्याएवढी पुरे. फेस कमी झाला की बाबांचा ठसकाही कमी. मान मागे टाकून नाही, पुढे झुकून घासायचं.

२३ सप्टेंबर

दोन मिनिटं पूर्ण! भुंगा दर ३० सेकंदांनी क्षणभर अडखळतो. म्हणजे तोंडाचा एक चतुर्थांश झाला, पुढे जा. चार वेळा झालं की आपोआप बंद. हे चार भाग बाबांना समजावताना मी वर-उजवा, खाली-डावा करत बसलो होतो. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"चार वावरं हायत. उचकी लागली का धुरा वलांडा."

झालं. पोरीनं पाटीवर चार वावरांचा नकाशा काढला. उजवं खालचं वावर पाणथळ, तिथे दोनदा जायचं.

२९ सप्टेंबर

चार्जिंग संपलं. १४ ला सुरू केला, म्हणजे पंधरा दिवस, दोन वेळा, रोज.

पानठेल्यावर रोज एकच प्रश्न असतो: लाईन गेली तर बाबा दात घासणार कसे? आमच्याकडे लाईन कधी जाते आणि कधी येते हे महादेवालाच ठाऊक, हे खरं. पण पंधरा दिवसांतून एक रात्र लाईन राहतेच. मोबाइल रोज चार्ज करणारे लोक मला ब्रशाच्या चार्जिंगचा धसका दाखवतात.

मोजमाप: २४ पैकी १४ गुलाबी. रक्त जवळपास थांबलं.

६ ऑक्टोबर

डोकं उपसून पाहिलं. आत दांडीभोवती काळपट चिखल. पेस्ट आणि थुंकी झिरपून साचते, ओल राहते, बुरशी धरते. ताईला फोन केला, "तुझ्या ब्रशाचं डोकं कधी काढून धुतलं होतं का?" "ते निघतं?" तीन वर्षं.

आमच्या बोअरच्या पाण्यात खार इतका की दांडीच्या गळ्याशी पांढरा थरही बसलाय. लिंबाच्या फोडीनं पुसला, निघाला. आता रोज रात्री डोकं वेगळं, दांडा वेगळा, दोन्ही उभे, कोरडे.

१२ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला लोक आले. ओसरीत भुंगा चालू. एक दूरचे काका, वय बाबांच्याच जवळपासचं, म्हणाले, "हात झिजले काय बे तुह्या बापाचे? आमी बाभळीच्या काडीवर म्हातारे झालो."

काका बोलले ते मला लागलं नाही असं नाही. बाभळीची, कडुलिंबाची काडी मीही लहानपणी चावली आहे. चांगली चावून कुंचला केला आणि नीट फिरवली तर साफ करते. पण ती चावायला दोन्हीकडचे दात, फिरवायला धड मनगट लागतं. काकांकडे दोन्ही आहे.

रात्री या यंत्राचा जन्म शोधला. १९५४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या फिलिप-गी वूग या डॉक्टरानं पहिला चालेल असा विजेवरचा ब्रश केला. नाव ब्रॉक्सोडेंट. तारेनं थेट भिंतीच्या प्लगला जोडायचा. १९६० मध्ये अमेरिकेत विकायला आला, पुढच्याच वर्षी तिथे बिनतारी, चार्ज होणारा निघाला. आणि मुळात तो केला कोणासाठी? ज्यांचे हात नीट चालत नाहीत त्यांच्यासाठी, आणि दातांना तारा लावलेल्यांसाठी. श्रीमंतांचं खेळणं नंतर झालं. काकांना सांगायला जाणार होतो, पण ते सकाळीच निघून गेले होते.

१७ ऑक्टोबर

मंदिरात सामुदायिक प्रार्थना संपल्यावर पेटीवाल्या भाऊंना पकडलं. या जातीच्या ब्रशाचा वेग मिनिटाला ३१,००० फटके सांगतात. जाणं आणि येणं मिळून एक फेरी धरली तर सेकंदाला २५८. पेटीच्या पांढरी एकचा, म्हणजे मधल्या सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा, सूर सेकंदाला २६१ च्या आसपास असतो. भुंगा चालू करून पेटीजवळ धरला, भाऊंनी पांढरी एक दाबली. डोळे मिटून ऐकलं. "केसभर उतरलेला हाय. पन सूर पक्का."

तुकडोजी महाराजांच्या भजनाला खंजिरी असते, आता भुंगाही आणा, असं कोणीतरी म्हणालं.

या खेळातून एक उपयोग निघाला. बाबांनी जास्त दाबलं की आवाज दबतो, भसाडा होतो. दाबल्यावर दांडीला थरथरायला जागा राहत नाही, म्हणजे जोर लावला की काम कमी. आता आई चुलीपाशी बसूनच सांगते, "हळू करा नं जी, भुंगा रडून राहिला." तिला बघायला यावं लागत नाही.

२७ ऑक्टोबर

२४ पैकी ८ गुलाबी. आठही खालच्या दातांच्या आतल्या, जिभेकडच्या बाजूला. तिथे डाव्या हातानं दांडा वळवणं कठीण जातं.

पण खरं सांगायचं तर यात भुंग्याचं किती आणि इतर गोष्टींचं किती ते सांगता येत नाही. आधी बाबा अर्धा मिनिट घासायचे, आता दोन मिनिटं. आधी एकदा, आता दोनदा. आधी एकटे, आता आईचा कान, पोरीची पाटी. साध्या ब्रशानं कोणी दोन मिनिटं घासून दिलं असतं तरी फरक पडला असता. कोक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा २०१४ चा एक आढावा आहे, ५६ चाचण्यांचा. त्यात विजेच्या ब्रशानं तीन महिन्यांनंतर थर साध्या ब्रशापेक्षा २१ टक्के कमी, हिरड्यांची सूज ११ टक्के कमी. पहिल्या तीन महिन्यांत तर ११ आणि ६. त्यातही बराचसा पुरावा गोल डोक्याच्या जातीचा, आमच्या भुंग्याच्या जातीचा नाही. म्हणजे फायदा आहे, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा मोठा नाही. मला दोन हात धड आहेत. माझे ६ दात गुलाबी होते ते साध्याच ब्रशानं, जरा वेळ देऊन, ३ वर आणले.

नोव्हेंबर

दिवाळी, मग कापूस वेचणी, मग रबीचं ओलीत. २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये, गावात येणारा व्यापारी त्याच्या बराच खाली मागतो. शेतीची लाईन रात्रपाळीची, त्यात एक फेज गेला की मोटर जळते. रोज दोन-तीन येतात. नोंदी राहिल्या. बाबांचं घासणं राहिलं नाही.

२४ नोव्हेंबर

दुकानातला पोऱ्या महिनाभर मागे लागला होता, भाऊ, एकदा मला पण. वय बावीस. त्याच्यासाठी वेगळं डोकं आणलं, कारण दांडा एक चालतो, डोकं एकाचं दुसऱ्यानं वापरायचं नाही.

त्यानं तोंड उघडलं आणि भुंगा पुढच्या दातांपलीकडे जाईना. मी म्हटलं, मोठं उघड. "एवढंच उघडते." तीन बोटं उभी तोंडात घालून पाहा म्हटलं. दोन गेली, तीही कशीबशी.

खर्रा. सातवीपासून. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून, दिवसाला सात-आठ पुड्या. माझ्या दुकानासमोरच्याच ठेल्यावरून. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, खर्रा मात्र समोर घोटून मिळतो. सुपारीनं गालाच्या आतली कातडी कडक होत जाते, दोरखंडासारखे पट्टे पडतात, तोंड मिटत येतं. त्याचा पुढे कर्करोगही होऊ शकतो. मला हे ऐकून ठाऊक होतं. रोज आठ तास शेजारी बसणाऱ्या पोराच्या तोंडात मी कधी पाहिलं नव्हतं.

दातांवरचे लाल-काळे डाग भुंग्यानं जातील का, एवढंच त्याला विचारायचं होतं. थोडे फिके होतील. सोमवारी त्याला बाईंकडे पाठवलं, दुकान एकट्यानं चालवलं. तो आता दिवसाला दोन पुड्यांवर आहे म्हणतो. मी पन्न्या मोजत नाही.

८ डिसेंबर

बायकोनं शेजारच्या मुलीला आणलं. पाहायला पाहुणे येणार आहेत. पुढच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे. "काका, तुमच्या मशीननं निघतील?"

मी माझे दात दाखवले. तेच पट्टे. आमच्या दोघांच्या घरात तोच जुना हातपंप. आमच्या भागात बऱ्याच ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. लहानपणी, दात जबड्यात तयार होत असताना त्याहून जास्त पोटात गेलं की वरचं कवच बनतानाच डागाळतं. बाहेरून चढलेला मळ असता तर घासून निघाला असता. हा दाताच्या घडणीतलाच. भुंगा नाही, राखुंडी नाही, कोळसा नाही, लिंबू तर मुळीच नाही. लिंबू कवच खातं. डॉक्टर वरचा थर किंचित उतरवून किंवा वर दुसरा थर चढवून काही करू शकतात, पैसे लागतात.

तिनं लगेच विचारलं, मग पेस्टीत फ्लोराइड कशाला घालतात? हुशार पोरगी. पेस्टीत असतं, साधारण १००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजार. पण ते दातांवर बाहेरून लागतं, कीड रोखतं आणि थुंकलं जातं. प्रश्न गिळण्याचा आहे. म्हणून अगदी लहान पोरांना तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. आमच्या भागात हे जास्तच पाळायला हवं.

पाहुणे आले, पसंती झाली, असं बायकोनं नंतर सांगितलं. मुलाचे दातही तसेच आहेत म्हणे, शेजारच्या झरी-जामणी तालुक्यातला आहे.

१४ डिसेंबर

तीन महिने झाले. डोकं बदललं. जुन्याचे केस बाहेरच्या बाजूला पसरलेले, डावीकडे जास्त. जुनं डोकं फेकलं नाही, मोटरीच्या टर्मिनलांवरची धूळ काढायला दुकानात घेतलं. झकास चालतं.

खर्च: सेल १८०, दोन डोकी ४५०, पोऱ्याचं डोकं वेगळं, फोम फुकट, पेट्रोल धरलं नाही. नवीन ब्रश माझ्यानं घेणं झालं नसतं आणि मी घेतलाही नसता.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

तिळगुळाचा एक लाडू बाबांनी डाव्या बाजूनं चावला, अर्धा उजव्या गालात गेला. चिक्कीसारखा चिकटला. भुंगा त्याच्यापुढे हतबल. थरथरून चिकट गूळ निघत नाही, तो फक्त थर काढतो. शेवटी आईनं बोटाला ओलं फडकं गुंडाळून काढला. आधी चूळ आणि बोट, मग भुंगा, हा क्रम पहिल्याच दिवशी लिहायला हवा होता.

१९ जानेवारी

पहाटे पाचला जाग आली ती भुंग्याच्या आवाजानं. लाईन नव्हती. ओसरीत गडद अंधार, थंडी. बाबा एकटेच खुर्चीत बसून घासत होते. मी उठायला लागलो तर आईनं माझा हात धरला. उचकी ऐकू आली, एक. थोड्या वेळानं दुसरी. तिसऱ्या वावरात आवाज भसाडा झाला आणि आईनं काही म्हणायच्या आत परत सुरात आला. चौथी उचकी, मग शांत. मग पाण्याचा आवाज, मग बराच वेळ ठसका नाही.

"जाय, झोप," आई म्हणाली.

सकाळी बाबांना विचारलं तर त्यांनी भुंगा उजव्या हातात धरला होता म्हणे, डाव्यानं आधार देऊन. फोमवर उजव्या अंगठ्याचा पेस्टीचा ठसा आहे, त्यामुळे खोटं नसावं.

२ फेब्रुवारी

मोजमाप: २४ पैकी ७. अजून तेच, खालचे, आतले. सूज नाही.

पुढून येणारी मोटरींची पानं मला येऊन भिडली, समोरच्या पानावर ५ एचपीची एक सबमर्सिबल आहे, बाकी १,२००. पुढचं डोकं १४ मार्चला बदलायचं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलं, इथे जागा नाही.